जपानची जुनी स्पोर्ट्स कार अमेरिकेत आणायची तर

सध्या डोक्यात निसानच्या स्कायलाइन आर३४ या जुन्या स्पोर्ट्स कारशिवाय दुसरं काही नाहीये, त्यामुळे जपानमधनं जुनी गाडी अमेरिकेत आणायचे नियम जवळपास तोंडपाठ झालेत. मुख्य भानगड २५ वर्षांची. गाडी तेवढी जुनी झाली की अमेरिकेतले सेफ्टीचे नियम तिला लागत नाहीत, आणि हे वय मॉडेल इयरवरनं नाही तर गाडी बनली त्या महिन्यावरनं मोजतात, म्हणजे दोन महिने जरी कमी भरले तरी गाडी बंदरावर अडकलीच समजा. शेजारी कॅनडात हेच १५ वर्षं, म्हणून तिकडच्या लोकांवर माझा जाम जळफळाट होतो.

ऑक्शन शीट, म्हणजे जपानच्या लिलावात गाडीची हालत लिहिलेला कागद, मात्र नीट वाचा राव. त्यावरच्या गाडीच्या आकृतीवर ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्रा दुरुस्त करून रंगवलेला, एस म्हणजे गंज, आणि ग्रेडच्या जागी आर दिसला की गाडी कुठेतरी ठोकलेली. आता आर वाली सरसकट टाकाऊ नसते, कधी नुसता रेडिएटरचा सपोर्ट, म्हणजे पुढची रेडिएटर धरणारी चौकट, बदललेला असतो, पण मग भाव तसा पाडून घ्यायचा ना! फोटोत काय, सगळ्याच चकाचक दिसतात.

एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे जपानमधनं गाडी बाहेर न्यायचा सरकारी कागद, ओरिजिनलच पाहिजे. आणि जहाजावर चढवायच्या आधी गाडी खालनं प्रेशरने धुवून घ्या, चाकाच्या कमानीत माती सापडली तर कस्टमवाले परत साफ करायला लावतात आणि तो खर्च आपल्याच बोकांडी. बाकीचं शिपिंग एजंट बघतो.