मनोरी ते गोराई: पुळणीवरची झाडं पाहायची असतील तर

मालाड स्टेशनहून मार्वे, तिथून फेरीबोटीने मनोरी आणि पुढे पुळणीवरून उत्तरेला गोराईपर्यंत चालत. वेळ ओहोटीची धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो: चतुर्थीला तीनची भरती, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. त्या दिवशी सातला निघालात तर मर्यादवेलीची जांभळी फुलंही टवटवीत सापडतील. दुपारनंतर ती कोमेजतात.

भरतीच्या रेषेच्या वर पहिली भेटते ती हीच वेल. पान आपट्यासारखं दुभंगलेलं. एखाद्या पेराजवळची वाळू बोटाने सरकवली की खाली मुळं दिसतात. वाऱ्याने आलेली वाळू वेलीत अडते, वेल तिच्यावरून पुन्हा वर येते, नव्या पेरांना मुळं फुटतात. वाळूची टेकडी अशीच वाढते. पाहून झालं की वाळू परत लोटा.

जरा मागे रावणाची मिशी, हे टोकदार पानांचं गवत. नर आणि मादी झाडं वेगळी. मादीचा काटेरी गोळा वाऱ्याबरोबर गडगडत बी पसरतो. पानांची टोकं चपलेतून पायात घुसतात, म्हणून जाड तळाचे बूट हवेतच. त्यामागे निरगुडी, केवडा.

चालताना मळलेली वाटच धरा. वेल तुटली की तिथली वाळू मोकळी होते, वारा तीच जागा कोरत जातो आणि पावसाळी उधाणाचं पाणी त्या खिंडीतून आत शिरतं. सुरूची लागवड हा यावरचा उपाय नव्हे, असं आमचं स्पष्ट मत आहे. सुरूच्या काड्यांच्या थराखाली वेली तग धरत नाहीत, आणि लाटांनी कडा कापली की झाडं मुळांसकट आडवी होतात.

उघडी पडलेली जागा सावरायची तर पावसाच्या सुरुवातीला जवळच्याच मर्यादवेलीचे तीन-चार पेरांचे तुकडे लावावेत, दोन पेरं वाळूत गाडून. समुद्राच्या बाजूला झावळ्यांचं गुडघाभर कुंपण, निम्मी फट ठेवून. वारा मंदावला की वाळू खाली बसते. गच्च भिंत घातली तर लाट आपटून पायाचीच वाळू उपसते.

२०१९च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षित अशा १-अ वर्गात येतात. टेकडी सपाट करताना जेसीबी दिसला, तर तारीख आणि ठिकाण कळेल असा फोटो काढून जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.