लाल फिल्टरचं रीडिंग

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी फोटोसेलवरून (प्रकाश पडला की करंट देणारी नळी) प्लांकचा स्थिरांक, म्हणजे प्रकाशाची वारंवारिता आणि ऊर्जा जोडणारा आकडा, काढायचा प्रयोग माझ्या वाट्याला मार्चमध्ये आला. आमच्या बॅचची वेळ दुपारी दोनची. नागपूरच्या मार्चमध्ये त्या वेळी लॅबच्या पश्चिमेकडच्या खिडकीतून ऊन थेट टेबलावर येतं. पडदा होता, पण एका बाजूने फाटलेला. त्या फाटक्या पडद्याने मला चार दिवस छळलं आणि बारावीपासून जे कळलं नव्हतं ते कळवलं.

प्रयोग दिसायला साधा. टंगस्टनचा दिवा, समोर बंद डब्यात फोटोसेल, मध्ये रंगीत काच बसवायची खाच. आमच्या सेटमध्ये पाच फिल्टर होते: ४६०, ५००, ५४०, ५७० आणि ६३५ नॅनोमीटर, म्हणजे निळ्यापासून लालपर्यंत. प्रकाश फोटोसेलमधल्या कॅथोडवर, म्हणजे धातूच्या पत्र्यावर, पडला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि मीटरवर करंट दिसतो. मग उलट दिशेचं व्होल्टेज हळूहळू वाढवायचं. करंट शून्य झाला की थांबायचं. तेच त्या रंगाचं स्टॉपिंग पोटेन्शियल. पाचही रंगांची रीडिंग वारंवारितेसमोर मांडली की सरळ रेषा यायला हवी. तिच्या चढाला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने गुणलं की प्लांकचा स्थिरांक मिळतो.

तो यायला हवा ६.६३ गुणिले दहाचा उणे ३४ वा घात, ज्यूल-सेकंदात. माझा आला ४.२.

मी पुन्हा रीडिंग घेतली. पुन्हा तेच. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "एवढं काय मनाला लावून घेऊन राहिली? मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरव नं." तिला दोष देत नाही, सबमिशनला चारच दिवस उरले होते आणि बरेच जण तेच करत होते. पण मला ते आकडे लिहवेनात. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. बारावीत हा धडा इंग्रजीतून आला तेव्हा एकेक वाक्य घोकून पाठ केलं होतं: तीव्रता वाढवली तर इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, त्यांची कमाल ऊर्जा वाढत नाही. मार्क मिळाले, पण ते वाक्य खरं आहे असं मला आतून कधी वाटलं नव्हतं. प्रकाश जास्त टाकला तर धक्काही जास्त बसायला नको का? आता यंत्र समोर असताना दुसऱ्याचे आकडे उतरवायचे, तर मग शिकायचं कशासाठी?

त्या संध्याकाळी महाल भागातल्या घरी कूलरसमोर ग्राफपेपर पसरून बसले. निळ्याचं रीडिंग ०.९८ व्होल्ट, लालचं ०.५१. निळ्या बिंदूतून बरोबर चढाची रेषा ओढून पाहिली. त्या रेषेप्रमाणे लाल ०.२४ च्या आसपास हवा होता. म्हणजे निळ्यापासून जसजसं लालकडे जावं तसतसा बिंदू रेषेच्या वर वर जात होता. चूक सगळीकडे सारखी पसरलेली नव्हती, ती लालकडे साठली होती.

मग आठवलं की दिवा बंद असतानाही मीटर पूर्ण शून्यावर नव्हता. इतका किंचित आकडा होता की मी तो सोडून दिला होता.

तो आकडा खिडकीतल्या उन्हाचा होता, ते खाचेच्या फटीतून डब्यात शिरत होतं. उन्हात निळा आहे, जांभळाही आहे. लाल फिल्टर लावल्यावर दिव्याच्या लाल प्रकाशाने लाखो इलेक्ट्रॉन सुटत होते, पण सगळे मंद. लाल प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा १.९५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, निळ्याची २.७०. फटीतून आलेल्या उन्हाने मोजकेच इलेक्ट्रॉन सुटत असतील, पण ते वेगवान. उलट्या व्होल्टेजने लाल प्रकाशाचे सगळे अडले तरी हे मोजके पलीकडे पोचतच होते. निळ्या फिल्टरच्या वेळी मात्र दिव्याचे इलेक्ट्रॉनच इतके वेगवान की उन्हाने फारसा फरक पडत नव्हता. अख्ख्या दिव्याच्या लाल उजेडापेक्षा उन्हाची एक तिरीप भारी ठरली होती. बारावीतलं पाठ केलेलं वाक्य माझ्या चुकलेल्या ग्राफवर लिहिलेलं होतं. रात्रीचे साडेअकरा झाले होते, आईला उठवून सांगावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या काकांकडे काळं कापड मागितलं. ते म्हणाले, "त्या सेटची फिल्टरची खाच ढिली हाये बाई, कवापासून सांगून राहिलो." त्यांनीच कापड दुहेरी करून खाचेभोवती गुंडाळून दिलं आणि पडद्याला पिना मारल्या. आधी दिवा बंद ठेवून मीटर पाहिला. शून्य. मग रीडिंग: निळा ०.९६, लाल ०.२७. चढ काढला, उत्तर आलं ६.१. आठ टक्के चूक उरलीच होती, पण आता सगळे बिंदू रेषेला धरून होते.

वेळ उरला म्हणून आणखी एक केलं. हिरवा फिल्टर ठेवून दिवा ४० सेंटिमीटरवरून २० वर आणला. करंट जवळजवळ चौपट झाला. स्टॉपिंग पोटेन्शियल जागचं हललं नाही. दिवा पुन्हा दूर नेला, पुन्हा जवळ आणला, चार वेळा. १९०२ मध्ये लेनार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने हेच पाहिलं होतं आणि त्या काळच्या तरंग सिद्धांताला त्याचं उत्तर देता येत नव्हतं. १९०५ मध्ये आइनस्टाइनने म्हटलं की प्रकाशाची ऊर्जा ठरावीक गठ्ठ्यांत येते, आणि एक गठ्ठा एका इलेक्ट्रॉनला मिळतो. मिलिकन या प्रयोग करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञाला ते पटलं नव्हतं. त्याने जवळजवळ दहा वर्षं घालवली, निर्वात नळीच्या आतच सोडियमचा पृष्ठभाग चाकूने खरवडून ताजा करायची सोय केली आणि १९१६ मध्ये उत्तर छापलं: ६.५७. आइनस्टाइनचं समीकरण बरोबर निघालं. सुरुवातीला न पटलेल्या गोष्टीसाठी इतकं स्वच्छ काम करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

व्हायव्हासाठी, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी, पुढचा भाग वाचायचा होता, द्रव्यतरंग आणि अणुरचना. या वेळी घोकलं नाही, आकडे घालून पाहिले. दे ब्रॉयने १९२४ मध्ये तोच प्लांकचा स्थिरांक संवेगाने (वस्तुमान गुणिले वेग) भागून कणाची तरंगलांबी काढली. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ४० मीटरने सुटला तर ती येते दहाचा उणे ३४ वा घात मीटर, जी कुठल्याही यंत्राला दिसणार नाही. ५४ व्होल्टने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची मात्र १.६७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे दहाचा उणे १० वा घात मीटर), म्हणजे स्फटिकातल्या अणूंमधल्या अंतराएवढी. डेव्हिसन आणि जर्मर यांना १९२७ मध्ये निकेलवरून परतलेल्या इलेक्ट्रॉनांचं ५० अंशांना शिखर मिळालं, त्यावरून निघालेलं उत्तर १.६५. त्यांच्याकडेही १९२५ मध्ये द्रवरूप हवेची बाटली फुटून निकेल खराब झालं होतं. ते साफ करायला तापवलं आणि त्यातूनच मोठे स्फटिक तयार झाले. ते वाचताना मला आमचा फाटका पडदा आठवला.

सगळ्यात जास्त वेळ मी हायड्रोजनवर घालवला. बोरच्या १९१३ च्या अणूच्या प्रतिकृतीत पहिल्या कक्षेची त्रिज्या ०.५२९ अँगस्ट्रॉम, म्हणजे परीघ ३.३२. त्या कक्षेत इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे २२ लाख मीटर. त्याची दे ब्रॉय तरंगलांबी काढली: ३.३२. परिघात बरोबर एक तरंग बसतो. गोल कक्षेचं हे चित्र आता मागे पडलंय हे ठाऊक होतं, तरी मी ते गणित दोनदा केलं.

व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, जर्नल चाळलं आणि थांबले. मी दोन्ही ग्राफ लावले होते, ४.२ चा आणि ६.१ चा.

"हा पहिला कशाला ठेवला?"

मी खिडकीचं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाखव."

लाल फिल्टर बसवला, करंट शून्य होईपर्यंत व्होल्टेज वाढवलं. ०.२७. मग काकांनी गुंडाळलेलं कापड एका बाजूने बोटभर उचललं आणि दुसऱ्या हाताने पडदा सरकवला. दिव्याला हात लावला नव्हता. मीटरवर किंचित करंट उमटला. तो पुन्हा शून्यावर आणायला मी नॉब फिरवत गेले, ०.३५, ०.४२, आणि सर खुर्ची पुढे ओढून मीटरकडे बघत राहिले.