दहा मिनिटं पाण्याखाली

बुधवार, रात्रीचे पावणेबारा

आज गायब्रश मेला. चूक सर्वस्वी माझी.

झालं असं की जेवणं आटोपल्यावर 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' उघडून बसले होते. १९९० चा खेळ, पण स्कमव्हीएम नावाच्या, जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्रॅममुळे आजच्या लॅपटॉपवरही मजेत चालतो. गायब्रश थ्रीपवूड या होतकरू चाच्याला एका जड मूर्तीला बांधून समुद्रात ढकलून देतात, तिथवर पोचले आणि दादाचा फोन आला. दादाचा फोन म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती. परत येऊन बघते तर हा मरून तरंगतोय.

आपण दहा मिनिटं श्वास रोखू शकतो, अशी फुशारकी हा पठ्ठ्या मारत असतो. मी ती आजवर थापच समजत होते. थाप नाही, घड्याळ लावून दहा मिनिटं आहेत. पण खरी मजा स्क्रीनच्या खालच्या भागात होती. जिथे 'उचल', 'ढकल', 'उघड' अशी, क्लिक करून हुकूम सोडायची क्रियापदं असतात, तिथे आता 'तरंग', 'फुग' आणि एका कोपऱ्यात 'हिंट बुक मागव', म्हणजे कोड्यांची उत्तरं देणारी पुस्तिका मागव. खोलीत एकटीच होते, तरी मोठ्यांदा हसले.

लहानपणी हे पाहिलंच नव्हतं. माउस दादाच्या हातात, बोट माझं स्क्रीनवर. पाण्याखाली गायब्रशभोवती सुऱ्या, कात्र्या, तलवारी पडलेल्या असतात आणि दोरी प्रत्येकीच्या वीतभर अलीकडे संपते. मी "ती घे, ती घे" करत होते. दादाने चुकून मूर्तीवरच क्लिक केलं, गायब्रशने ती उचलून खिशात घातली आणि चालायला लागला. सुटलो! अख्ख्या खेळात दिसेल ते उचलत आलेल्या माणसाला, ज्याला आपण बांधलेलो आहोत तेच उचलावं हे सुचत नाही. म्हणजे कोडं सुटलं की हे मरण दिसत नाही. कोणीतरी ते चित्र काढलं, ती क्रियापदं बदलली, ती खेळ तसाच सोडून फोनवर गप्पा मारत बसणाऱ्या माझ्यासारखीसाठी.

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. पॉइंट-अँड-क्लिक, म्हणजे वस्तूंवर माउसने क्लिक करत कोडी सोडवायच्या खेळात आपण बहुतेक वेळ चुकतच असतो. खिशात पंधरा वस्तू, समोर दहा जागा, म्हणजे दीडशे जोड्या, आणि त्यातली बरोबर एक. बाकीच्या एकशे एकोणपन्नास वाया. त्या वाया जाणाऱ्या क्लिकला कोणी उत्तर देतं का, यावर सगळं ठरतं. जो खेळ दरवेळी 'असं करता येणार नाही' एवढंच बोलतो, तो मी तासाभरात बंद करते. जिथे नायक वैतागून काहीतरी ऐकवतो, तिथे मी मुद्दाम चुकीच्या वस्तू जोडत बसते. चुकल्याची मजुरी मिळते म्हणा ना.

आणि चौथ्या भिंतीचं, म्हणजे कथा आणि प्रेक्षक यांच्यामधल्या काल्पनिक भिंतीचं म्हणाल तर (कोण म्हणतंय? मीच), मला वाटतं ती खेळाच्या आधी आपणच पाडलेली असते. कथेत संकट कोसळलंय आणि नायक कुलूपबंद दारासमोर चाळीस मिनिटं खांबासारखा उभा, कारण मला किल्ली सापडत नाहीये. त्या क्षणी ती कथा उरतेच कुठे? समोर एक बाहुली असते आणि बाहेर डोकं खाजवणारी मी. नाटकात नट वाक्य विसरला की प्रेक्षकांनाही ते कळतंच. तसं झाल्यावर नटानेच प्रेक्षकांकडे बघून डोळा मारला तर जीव भांड्यात पडतो. विनोदी खेळ नेमकं हेच करतात. 'मंकी आयलंड'च्या दुसऱ्या भागात, १९९१ च्या, गायब्रशला ऐन जंगलात एक टेलिफोन सापडतो आणि त्यावरून तो थेट खेळाच्या हिंट लाइनला, म्हणजे अडलेल्या खेळाडूंच्या मदतीच्या नंबरला फोन लावतो. त्याच वर्षीच्या 'स्पेस क्वेस्ट ४'मध्ये तर 'स्पेस क्वेस्ट ४'चंच हिंट बुक दुकानातून विकत घेता येतं. आत सगळा पांचटपणा, पण पुढे जायला लागणाऱ्या कोडचा तुकडा त्यातच लपवलेला! शिवाय त्याच खेळात नायक रॉजर विल्को पहिल्या भागात जाऊन पोचतो आणि तिथले एकरंगी गुंड त्याला त्याच्या २५६ रंगांवरून टोमणे मारतात.

माझा सगळ्यात आवडता किस्सा मात्र बुंध्याचा. पहिल्या 'मंकी आयलंड'च्या जंगलात झाडाचा एक बुंधा आहे. तो तपासला की गायब्रशला खाली भुयार दिसतं आणि खेळ म्हणतो, बावीस नंबरची फ्लॉपी डिस्क घाला. मग छत्तीस. मग एकशे चौदा. एवढ्या डिस्क होत्या कुठे! शेवटी, जाऊ दे, तो भाग राहिला, म्हणून विषय संपतो. पण लोकांना वाटलं आपल्या डब्यातल्या डिस्क हरवल्या, आणि त्यांनी खरोखर कंपनीला फोन केले. पुढे सीडीच्या आवृत्तीतून तो विनोद काढून टाकला. १९९७ च्या तिसऱ्या भागात गायब्रश एका थडग्यातल्या भेगेतून डोकं वर काढतो, तर ते निघतं त्याच जुन्या बुंध्यातून, जुन्याच ठोकळेबाज चित्रात. सात वर्षं दम धरून मारलेला टोला.

सगळंच गोड लागतं असं नाही. दुसऱ्या भागात एका माकडाला संमोहित करून ताठ करायचं आणि त्याचा पान्यासारखा वापर करून पंपाचा व्हॉल्व्ह फिरवायचा, असं एक कोडं आहे. का? तर अमेरिकेत एका प्रकारच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. आम्ही त्याला नुसता पाना म्हणत वाढलो, आम्हाला हे सात जन्मात सुचलं नसतं. आणि हल्ली काही खेळ कोडं रद्दी रचतात, वर नायकाच्या तोंडी 'हे कोडं कसलं भिकार आहे' असं वाक्य घालतात. डोळा मारला म्हणून गुन्हा माफ होत नाही. सतत डोळे मिचकावणाऱ्याचा तर कंटाळाच येतो.

अपवाद म्हणून 'देअर इज नो गेम'. पास्काल कामिसोटोने २०१५ मध्ये छोटासा केलेला, मग २०२० मध्ये मोठा झालेला. इथे निवेदक सुरुवातीलाच सांगतो की खेळबिळ काही नाही, घरी जा. आपण अर्थातच जात नाही. मग त्याची चिडचिड आणि आपला आगाऊपणा, एवढ्यावर सगळं उभं आहे. इथे नुसता डोळा मारणं नाही, सरळ भांडण आहे, आणि भांडायला समोर कोणीतरी लागतंच ना. म्हणून त्याचा कंटाळा आला नाही.

बारा वाजून गेले. शेवटचा सेव्ह बघितला, चांगला तासाभरापूर्वीचा निघाला. मेलेल्या गायब्रशचा स्क्रीनशॉट दादाला पाठवला होता, त्याचं उत्तर आत्ता आलं: "मग, मागवलंस का हिंट बुक?"