रायबंदरच्या बांधावरून बोआव्हिस्ता

चवथीला दोन दिवस असताना मी कोल्हापूरहून निघालो, भर पावसात आंबोली घाट उतरलो आणि बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोव्यात शिरलो. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची आरास, बांधायला दरवर्षी फोंड्याला आत्याकडे जायचा आमचा रिवाज आहे. या वेळी आतोबा बाजारासाठी पणजीला आले होते आणि त्यांनी फोनवरच बजावले होते, "मला कदंब स्थानकावर घे आणि बगलरस्त्याने जाऊ नकोस. रायबंदरच्या जुन्या रस्त्यानेच जायचे. तुला काही दाखवायचे आहे."

आतोबांनी आता एक्याऐंशी पूर्ण केली आहेत. फोंड्यात त्यांनी चाळीस वर्षे गॅरेज चालवले. मुक्तीपूर्वी ते लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकले, त्यामुळे पोर्तुगीज त्यांना मराठीइतकीच सहज येते. मोटारींच्या शर्यतींचे त्यांचे वेड त्या काळातले. वर्तमानपत्र चार दिवसांनी हाती पडले तरी शर्यतीची बातमी ते वहीत उतरवून घेत. ती लाल कापडी बांधणीची चोपडी त्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत होती. पानांच्या कडांवर ग्रीसच्या बोटांचे तपकिरी ठसे आहेत आणि निळी शाई कुठे कुठे जांभळी पडली आहे.

पाटो मागे पडला की सतराव्या शतकात पोर्तुगिजांनी दलदलीतून घातलेला बांध लागतो. तीन किलोमीटरांहून थोडा लांब असलेल्या या बांधाच्या एका हाताला मांडवी आणि दुसऱ्या हाताला मिठागरे आहेत. "गाडी चाळीसवर ठेव," आतोबा म्हणाले, "आणि हा बांध जाऊन-येऊन मोज. त्याहून थोडा जास्त, 7.4 किलोमीटर, म्हणजे पोर्तूच्या बोआव्हिस्ता सर्किटचा एक फेरा. असे 50 फेरे." 24 ऑगस्ट 1958 रोजी तिथे पोर्तुगालमधली पहिली विश्वविजेतेपदाची ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वन मोटारींची मोठी शर्यत, झाली आणि ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉसने ती व्हॅनवॉल गाडीतून ताशी सुमारे 169 किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. अटलांटिकच्या काठचा रस्ता, शहरातला रुंद मार्ग, दगडी फरसबंदी आणि तिच्यातून जाणारे ट्रामचे रूळ, असे ते सर्किट होते. म्हणजे एरवी लोक ज्या रस्त्याने बाजाराला जात, त्याच रस्त्यावर शर्यत होई.

बांध संपून रायबंदर आले, तेव्हा आतोबांनी हे का दाखवायचे ठरवले होते ते मला उमगले. तिथे घरांच्या पायऱ्या थेट रस्त्यात उतरतात आणि समोरून बस आली की आरसा मिटून घ्यावा लागतो. एका दारात एक आजी भोपळा घेऊन उभ्या होत्या. माझी गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून गेली. चाळीसच्या वेगातही माझा पाय नकळत ब्रेकवर गेला. पोर्तुगालच्या शर्यतींचा वारसा मूळचा अशाच वस्तीच्या रस्त्यांवरचा आहे. उत्तरेकडच्या व्हिला रियाल या गावात 1931 पासून शर्यती होत आल्या, तर 1959 ची ग्रां प्री लिस्बनच्या मोन्सांतो उद्यानातल्या रस्त्यांवर झाली. त्या शर्यतीत मारियो काब्राल हा फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला पोर्तुगीज ठरला. (पोर्तुगालने 1928 साली वाहतूक उजवीकडे नेली, पण शेजारचा ब्रिटिश हिंदुस्थान डावीकडून चालत असल्याने गोवा डावीकडेच राहिला, आतोबांच्या मते पोर्तुगीज रस्त्यांचा हा एवढाच नियम गोव्याने मोडला.)

रायबंदरच्या पुढे टपरीवर चहा घेताना आतोबांनी 1958 चे पान उघडले. निकालाखाली त्यांनी एकच शब्द लिहून अधोरेखित केला आहे, 'पदपथ'. शर्यतीच्या शेवटाला माइक हॉथॉर्नची फेरारी गिरकी घेऊन बंद पडली होती आणि ती पुन्हा सुरू करताना त्याने शर्यतीच्या उलट दिशेने गाडी चालवली, असा आक्षेप घेऊन पंच त्याला बाद करणार होते. विजेतेपदासाठी हॉथॉर्नचा थेट प्रतिस्पर्धी होता मॉस. त्याच मॉसने पंचांपुढे जाऊन सांगितले, की गाडी तेव्हा पदपथावर होती, शर्यतीच्या मार्गावर नव्हतीच. हॉथॉर्नचा दुसरा क्रमांक आणि त्याचे गुण शाबूत राहिले. त्या मोसमात मॉसने चार शर्यती जिंकल्या आणि हॉथॉर्नने एक, तरीही विजेतेपद हॉथॉर्नकडे गेले, 42 विरुद्ध 41 गुणांनी. मॉसला ते आयुष्यात कधीच मिळाले नाही. हे वाचताना आतोबांचा आवाज दाटून आला होता. चौदाव्या वर्षी वाचलेल्या या बातमीने त्यांना गॅरेजच्या धंद्यात कायम सरळ ठेवले, असे आत्या सांगते, आणि ते मला अगदी खरे वाटते.

पाऊस वाढला, वायपर जोरात फिरू लागले आणि साहजिकच इस्तोरिलचा विषय निघाला. लिस्बनजवळच्या या बांधीव सर्किटवर 21 एप्रिल 1985 रोजी धो धो पावसात आयर्टन सेनाने आपली पहिली ग्रां प्री जिंकली आणि दुसऱ्या आलेल्या मिकेले आल्बोरेतोखेरीज सगळ्यांना फेराभर मागे टाकले. आदल्याच वर्षी तिथे निकी लाउडा अवघ्या अर्ध्या गुणाने विश्वविजेता झाला होता.

पण वस्तीतल्या रस्त्याची किंमतही पोर्तुगालने मोजली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हे वर्णन प्रामाणिक होणार नाही. पोर्तुगालच्या रॅलीला तेव्हा सिंत्राच्या डोंगरात अफाट गर्दी जमे आणि लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहून गाडी अंगावर येईपर्यंत हटत नसत; धावत्या गाडीला हात लावण्यात त्यांना पुरुषार्थ वाटे. 1986 साली जोआकिम सांतुशची फोर्ड गाडी त्या गर्दीत घुसली. तीन प्रेक्षक ठार झाले, तीसहून अधिक जखमी झाले आणि कंपन्यांच्या चालकांनी रॅलीतून माघार घेतली. कॉर्सिकातल्या अपघातात आणखी दोघे गेल्यावर 'ग्रुप बी'च्या त्या अतिशक्तिमान गाड्या वर्षअखेर बंद झाल्या. ती रॅली आजही होते, पण प्रेक्षकांना आखून दिलेल्या जागी उभे राहावे लागते. आतोबांच्या वहीत त्या पानावर निकालच नाही, फक्त तारीख आहे.

जुन्या गोव्याच्या चर्चची शिखरे दिसू लागली तेव्हा ते पान आले, ज्यासाठी मला त्यांनी या वाटेने आणले होते. 19 जून 2005, इंडियानापोलिस. मिशेलिन टायर धोकादायक ठरल्याने चौदा गाड्या आत परतल्या आणि शर्यतीला फक्त सहा उरल्या. प्रेक्षक संतापले, जगाने त्या शर्यतीला नावे ठेवली. पण फोंड्यात रात्री साडेअकराला टीव्हीसमोर बसलेल्या आतोबांना त्यात दोन पिवळ्या जॉर्डन गाड्या दिसत होत्या. एकीत टियागो मोंतेइरो होता. तो तिसरा येऊन फॉर्म्युला वनच्या विजयमंचावर चढलेला पहिला पोर्तुगीज झाला. दुसरीत नारायण कार्तिकेयन होता. चौथ्या क्रमांकाने त्याला पाच गुण मिळाले, भारतीयाने मिळवलेले पहिले गुण. मोंतेइरोला कुणी नशीबवान म्हटले की आतोबा अजून चिडतात, कारण त्या मोसमात 19 पैकी 18 शर्यती त्याने पूर्ण केल्या होत्या. टिकून राहिला म्हणूनच तो त्या दिवशी तिथे होता, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते.

मी गाडी कडेला घेतली आणि वही हातात घेऊन ते पान नीट पाहिले. तिसऱ्या क्रमांकापुढचे नाव रोमन लिपीत होते, चौथ्यापुढचे देवनागरीत, आणि दोन्ही एकाच महिरपी कंसात बांधून आतोबांनी बाजूला लिहिले होते, 'आपली गाडी'.