तुम्ही विचारलंत म्हणून: मान्यता नव्हती, तर मुलं घेतलीत कशाला?

हा प्रश्न मला पहिल्यांदा लातूरच्या एका वडिलांनी फोनवर विचारला. मुलगी बीडीएस झालेली, अमेरिकेत आमच्या विभागात एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळालेला, शैक्षणिक कर्जाची फाइल बँकेत. "मॅडम, मान्यता २०२१ पासून आहे म्हणता. कोर्स तर २०१९ ला सुरू झालाय. मग मधल्या मुलांचं काय झालं?" त्यानंतर नाशिकहून विचारलं, सांगलीहून विचारलं, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर हातात प्रसाद असताना विचारलं. दर वेळी मी नियम सांगते आणि विषय संपवते. नियम खरे आहेत, पण माझं उत्तर तेवढ्यात संपत नाही.

तरी नियम आधी सांगते. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते ती काउन्सिल ऑन एज्युकेशन फॉर पब्लिक हेल्थ. ज्या कोर्समधून अजून कुणीच पदवी घेऊन बाहेर पडलेलं नाही, त्याला ती पहिली मान्यता देत नाही. म्हणजे कुणाला तरी मान्यतेआधी प्रवेश घ्यावाच लागतो. प्रत्येक नव्या कोर्सचं हेच असतं, यात कुणी कुणाला फसवत नाही. त्या पहिल्या मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून सोय अशी आहे की, मान्यता मिळाली की ती मागे, अर्ज स्वीकारला गेला त्या तारखेपासून लागू होते. त्या तारखेनंतर पदवी घेतलेले सगळे मान्यताप्राप्त कोर्सचे पदवीधर. त्याआधीचे नाहीत.

आमची तारीख जून २०२१ मधली. आमची पहिली तुकडी पदवी घेऊन गेली मे २०२१ मध्ये. नऊ जण.

अर्ज चार महिने उशिरा गेला आणि तो माझ्यामुळे गेला.

२०२० च्या ऑक्टोबरात विभागप्रमुख म्हणाले, पाठवून देऊ. मान्यतेचं सगळं काम माझ्याकडे होतं. मी प्रत्येक विषयाचा सिलॅबस उघडून बसले. एमपीएचच्या विद्यार्थ्याला २२ मूलभूत क्षमता यायला हव्यात, आणि प्रत्येक क्षमतेपुढे लिहायचं असतं की ती कोणत्या विषयात, कोणत्या असाइनमेंटमधून, प्रत्येक विद्यार्थ्याची वेगवेगळी तपासली जाते. गटात मिळून केलेलं प्रोजेक्ट आणि सगळ्यांना एकच मार्क, असं चालत नाही. क्षमतेतलं क्रियापदही पाहतात. धोरणासाठी पाठपुरावा करता यायला हवा, असं लिहिलं असेल तर पाठपुराव्यावर निबंध लिहून घेणं पुरत नाही. मुलीनं उभं राहून कुणापुढे तरी ती बाजू मांडायला हवी. आमच्याकडे निबंधच होता. वाटाघाटीचं कौशल्य एका व्याख्यानात उरकलेलं. इतर शाखांच्या लोकांबरोबर काम करण्याची क्षमता कागदावर होती, पण नर्सिंगच्या मुलांबरोबर आमची मुलं एकदाही बसली नव्हती. बाविसांपैकी आठांपुढे मला खरं लिहिण्यासारखं काही नव्हतं. वर कोविडमुळे नोकरभरती थांबलेली, प्राध्यापकांच्या दोन जागा रिकाम्या.

विभागप्रमुखांचं म्हणणं सरळ होतं. हा अर्ज आहे, अंतिम अहवाल नव्हे. पुढे काय करणार याचा आराखडा अर्जात चालतो. सेल्फ-स्टडीला, म्हणजे त्या अंतिम अहवालाला, पुढे दोन वर्षं आहेतच.

मी म्हटलं, जे नाही ते मी लिहिणार नाही. मला चार महिने द्या.

हे मी का म्हटलं, ते इथल्या कुणाला कळलं नसतं, तुम्हाला कळेल. मी महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, विभागात ट्यूटर होते. इन्स्पेक्शनच्या दिवशी जे चेहरे आम्ही वर्षभर पाहिले नव्हते ते प्राध्यापक म्हणून रांगेत येऊन सह्या करायचे. रिकाम्या खाटांवर जवळच्या वाडीतली माणसं आणून झोपवली जायची. न झालेल्या फील्ड व्हिजिटची रजिस्टरं मी माझ्या हातानं भरली आहेत, तीन रंगांची पेनं वापरून, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसावं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पुन्हा आयुष्यात असा कागद लिहायचा नाही, हे मी तिथून निघतानाच ठरवलं होतं. म्हणून चार महिने मागितले. आजही मला त्याची लाज वाटत नाही. त्या चार महिन्यांत तीन विषय मुळापासून बदलले. नर्सिंग आणि समाजकार्य विभागाबरोबर एक दिवसाचा सराव सुरू झाला, तो आजही चालतो.

तारखेचा नियम मला माहीत नव्हता का? माहीत होता. नियमावलीत त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ माझीच आहे. पण ती ओळ मी त्या नऊ चेहऱ्यांशी जोडून पाहिली नाही.

त्यातली एक मुलगी. तिचं नाव सांगत नाही. आईवडील शेतमजूर, घरात स्पॅनिश, कॉलेजात गेलेली ती घरातली पहिली. कोविडच्या काळात तिची प्रत्यक्ष कामाची जागा होती काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, आरोग्य विभाग. आमच्या नियमानुसार तिथे विद्यार्थ्यानं उपयोगी पडतील अशा निदान दोन गोष्टी तयार करून द्यायच्या असतात. तिनं बाधितांच्या संपर्कातल्या लोकांना फोन करताना काय बोलायचं त्याचा स्पॅनिश मजकूर लिहिला, आणि लसीकरण केंद्रावर माणसं कुठून आत येतील, कुठे बसतील, कुठून बाहेर पडतील याचा आराखडा केला. दोन्ही वापरले गेले. तिला कमिशन्ड कोअरमध्ये जायचं होतं, म्हणजे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचं गणवेशातलं दल. एमपीएचच्या जोरावर तिथे जायचं तर ती पदवी मान्यताप्राप्त कोर्सचीच लागते.

२०२१ च्या जानेवारीत, झूमवर क्लास संपल्यावर ती थांबली. बाकीच्या खिडक्या बंद झाल्या. तिनं विचारलं, "माझी पदवी धरली जाईल ना?" मी म्हटलं, "हो, काळजी करू नकोस."

मी दमले होते. तेवीस मिनिटांनी पुढची मीटिंग होती. माझ्या डोक्यात अर्ज होता आणि अर्ज चांगला होत होता, म्हणून सगळंच चांगलं होणार असं मला वाटत होतं. यातलं काहीही सबब म्हणून चालत नाही, हे लिहिताना मला दिसतंय.

२०२३ च्या शरदात साइट व्हिजिट झाली. समितीचे लोक विद्यार्थ्यांना, माजी विद्यार्थ्यांना, बाहेरच्या संस्थांना वेगवेगळं भेटतात आणि त्या खोलीत आम्हाला बसता येत नाही. माजी विद्यार्थ्यांना बोलावण्याची यादी मीच केली होती. तिचं नाव घालावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले आणि घातलं. तिचा स्पॅनिश मजकूर आणि तो आराखडा आमच्या फाइलमध्ये सर्वांत चांगला नमुना म्हणून लावलेला होता. जिची पदवी धरली जाणार नव्हती, तिच्या कामावर आमच्या कोर्सला मान्यता मिळणार होती. ती तीन तास गाडी चालवून आली. मी शेजारच्या खोलीत बसले होते. भिंतीपलीकडून आवाज यायचे, शब्द कळायचे नाहीत. मध्येच एकदा सगळे हसले. पन्नास मिनिटं.

नंतर पार्किंगमध्ये भेटली. म्हणाली, "कोर्सची शिफारस कराल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तारखेचंही सांगितलं." मी माफी मागितली. अर्जाला उशीर का झाला ते सांगायला लागले, आठ क्षमता, रिकाम्या जागा, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उशिराचं मला काही नाही वाटत. पण त्या दिवशी 'मला माहीत नाही' एवढं म्हणाला असतात, तर मी एक विषय मागे ठेवला असता. ऑगस्टमध्ये पदवी घेतली असती."

एक विषय. तीन क्रेडिट. उन्हाळी सत्रात तो विषय मीच शिकवत होते.

अर्जात एकही खोटा शब्द जाऊ नये म्हणून मी चार महिने थांबले, आणि तिला मात्र एका वाक्यात खोटं सांगून बसले. मला नियमावली विसरायला झाली नव्हती. मी फक्त ती उघडून पाहिली नाही, कारण समोर काउन्सिल नव्हती, एक विद्यार्थिनी होती.

मान्यता मिळाली, पाच वर्षांची. पहिल्या वेळी जास्तीत जास्त तेवढीच देतात. विभागात केक कापला. मीही खाल्ला.

तुम्ही विचाराल, मग अर्ज आधीच पाठवायला हवा होता का? याच्यावर माझं माझ्याशी अजून पटलेलं नाही. त्या आठ क्षमतांपुढची जागा रिकामी ठेवून पाठवलेला अर्ज परत आला असता, तर दुसरी तुकडीही गेली असती. विभागप्रमुख आता निवृत्त झालेत, ते म्हणतात, परत आला नसता. त्यांचं बरोबर असेल. मी चार महिन्यांचा हिशेब पुन्हा मांडते तेव्हा कधी दोन महिन्यांत काम होतं, कधी पाच महिने लागतात. रजिस्टरं भरणारी ती सव्वीस वर्षांची मुलगी दर वेळी म्हणते, थांबलीस ते बरं केलंस. मी तिला विचारते, नऊ जणांना सांगून का थांबलो नाही? त्यावर ती काही बोलत नाही.

लातूरच्या त्या वडिलांना मी दोन तारखा लिहून पाठवल्या: मान्यता कधीपासून आणि ती कधी संपते. खाली लिहिलं की पुढचं नूतनीकरण होईलच असं मी सांगू शकत नाही. त्यांनी परत फोन केला, "मॅडम, बँकेला हे शेवटचं वाक्य नको आहे, काढता येईल का?" मी नाही म्हटलं. ते थोडे नाराज झाले. मुलगी आता इथे दुसऱ्या सत्रात आहे.

पहिल्या तुकडीतली ती मुलगी अजून त्याच काउंटीच्या आरोग्य विभागात काम करते. दलात जायचं तर तिला पुन्हा एमपीएच करावी लागेल, दुसरीकडे, पूर्ण ४२ क्रेडिटची. आमच्याकडे फीमाफीनं करता येईल का, यासाठी मी डीनना दोनदा लिहिलं. दुसऱ्या पत्राचं उत्तर आलं, त्यात विचारपूर्वक दिलेला नकार होता. तिला ते सांगायला मी फोन केला. ती म्हणाली, नाहीतरी तिनं ती पुन्हा केली नसती.