दस्ताना: मनगटावरची वेल बसली एकदाची!

दस्ताना म्हणजे हातावर चढवायचं पोलादी चिलखत. त्यावर मी कोफ्तगिरी करतोय: छिन्नीच्या रेघांनी पोलाद खरखरीत करून त्यावर चांदीची तार ठोकून बसवायची नक्षी. मागच्या वेळी रडगाणं गायलं होतं ते तिच्यातल्या याच वेलीचं. कोपराकडच्या पसरट भागावरची फुलं नखाने खरवडली तरी हलत नाहीत, पण मनगटापाशी पत्रा आवळतो तिथली तार अकीक (तार दाबून घोटायचा दगड) फिरवला की टोकापासून उठायचीच.

पहिला संशय तारेवर. शुद्ध म्हणून दिलेली चांदी ९२५ (हजारात ९२५ भाग चांदी) निघाली. कोफ्तगिरीला ती फार ताठ. दुसरीकडून ९९९ ची ०.२५ मिमी तार आणली, अंधारात मंद लाल दिसेपर्यंत तापवून मऊ केली. उठणं कमी झालं, थांबलं नाही. मग छिन्नीला नवी धार, आडव्यातिडव्या रेघांवर तिसरी तिरकी फेरी. भिंगातून बघावं तर तार पकडणारे रेघांचे दाते छान उभे, आणि तार तरी सुटतेच!

गोम पत्र्याखाली होती. पसरट भाग ऐरणीवर नीट टेकतो, मनगटाची नळी मात्र आतून पोकळ. घाव पडला की पत्रा लवतो आणि तार दात्यांत रुतायच्या ऐवजी उसळते. राळ, विटेची पूड आणि थोडं तेल वितळवून नळी गच्च भरली. हातोडीचा आवाजच बदलला, टण्णचा ठक्क झाला. तार बसली, अकीक दाबून फिरवल्यावर मोकळ्या जागेतला खरखरीतपणा बुजला आणि देठ सलग चकाकलं. एक कळी तर अशी टोकदार उतरलीय की सारखी उचलून बघतोय.

अकीक घ्यायचा तर कुत्र्याच्या दातासारखा वाकडाच घ्या. ऑनलाइन किटमधला सरळ टोकाचा वळणात शिरतच नाही.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात अकबराची १५९३ ची राशिचक्राची ढाल आहे. तिच्या फुगवट्यावरचं सोनं आता पुन्हा जाऊन निरखायला हवं.

यापुढे राळ काढून, टर्पेंटाइनने पुसून, ३०० अंशांच्या आसपास पोलाद निळं करायचं ठरलं होतं. पण थांबा. काठाला कड्यांची जाळी लागणार, म्हणजे घासणं आलंच. तिथे कोफ्तगिरी किती टिकणार? काठापुरतं तहनिशान करावं: आत रुंदावणारा चर खोदून जाड तार ठोकायची आणि कानशीने सपाट करायची. चर खोदताना पत्र्याला आधार लागणारच, तो आयताच भरलेला आहे. तेव्हा निळं करणं लांबणीवर; आधी काठ.