गरम साचा

जूनमधल्या त्या आठवड्यात आमची सलग चौथी हीट, म्हणजे एकदा रस वितळवून केलेलं ओतकाम, फुकट गेली. नायजेरियात लागोसजवळच्या एका कारखान्यात मी ओतकाम बघतो. त्याआधी बावीस वर्षं कोल्हापुरात, शिरोलीच्या फौंड्र्यांत काढली. इथे विजेच्या भट्टीला लागणारे क्लॅम्प ओतायचे होते. पितळेचे नव्हे, ब्राँझचेही नव्हे, शुद्ध तांब्याचे.

बाहेरच्या माणसाला तांबं सोपं वाटतं. ते किती त्रास देतं हे ओतणाऱ्याला विचारावं. 1,085 अंशांना ते वितळतं आणि वितळलं की हवेतला ऑक्सिजन, ओलाव्यातला हायड्रोजन अधाशासारखं पितं. साच्यात घट्ट होताना या दोघांची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. पीस वरून देखणा दिसतो, कापला की आत जाळी. कथील किंवा जस्त घातलं तर रस साच्यात नीट धावतो, पण मग ते शुद्ध तांबं राहत नाही. फॉस्फरसने ऑक्सिजन निघतो, पण जरा जास्त पडला की वीज वाहण्याची ताकद घटते, आणि आम्हाला तर नेमकी तीच हवी होती. म्हणून रसावर लोणारी कोळशाचा थर ठेवायचा, उगाच ढवळायचं नाही आणि वेळ न दवडता ओतायचं. पोरं हे सगळं मी सांगितलं तसंच करत होती. तरी करवतीखाली प्रत्येक पीस मधाच्या पोळ्यासारखा निघत होता.

शुक्रवारी मी वरच्या साहेबांना मेल टाकला: इथल्या मुलांना शुद्ध तांबं झेपणार नाही, क्लॅम्प भारतातून तयार मागवावेत. 'यांच्या रक्तात हे काम नाही' हे वाक्य आमच्या मेसमध्ये, आपल्याच माणसांच्या तोंडून, जेवताना रोज ऐकू येतं. मी ते कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी वेगळ्या शब्दांत लिहून मोकळा झालो.

शनिवारी शिकाऊ मुलांना ओनिकानच्या राष्ट्रीय संग्रहालयात न्यायचं आधीच ठरलं होतं. आठ मुलं, एक व्हॅन, थर्ड मेनलँड ब्रिजवर दीड तास गो-स्लो. ट्रॅफिक जॅमला इथे हाच शब्द. वर पाऊस. 1957 साली उघडलेलं हे संग्रहालय, पण बहुतेक लोक येतात ते नायजेरियाचे लष्करी राष्ट्रप्रमुख जनरल मुर्तला मुहम्मद यांची मर्सिडीज बघायला. 1976 साली त्यांची हत्या झाली ती याच गाडीत. गोळ्यांची भोकं अजून दिसतात. आमची पोरंही तिकडेच पळाली.

मी ताडाच्या मूर्तीपाशी थांबलो. बसलेला पुरुष, उंची जेमतेम पावणेदोन फूट. ताडा हे नायजर नदीकाठचं नूपे लोकांचं खेडं. मूर्ती तिथे सापडली, पण घडण योरुबा लोकांच्या इफे या नगराच्या शैलीची, साधारण तेराव्या-चौदाव्या शतकातली. आणि धातू? जवळजवळ शुद्ध तांबं! ते वाचलं आणि मी काचेला नाक लावलं. एक गुडघा वर, दुसरा पाय जमिनीवर आडवा घेतलेला, पोटाला खरीखुरी वळी. अंग नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत. ताडाचे लोक ही मूर्ती दर शुक्रवारी नदीवर नेऊन वाळू-खड्यांनी घासत. जाळ्यात मासे भरपूर यावेत, बायकांची कूस उजवावी म्हणून. विसाव्या शतकापर्यंत हे चालू होतं.

आमचा पीस नुसता मशीनवर चढवला, वरची साल निघाली, की आतली भोकं तोंड उघडतात. इथे तर पिढ्यान्‌पिढ्या साल काढणं चाललेलं. मी वाकून वाकून भोकं शोधू लागलो.

1910 साली फ्रोबेनियस नावाचा जर्मन संशोधक इफेला आला. तिथली कला बघून त्याने ठरवलं, की ही दंतकथेतल्या अटलांटिसच्या ग्रीक वसाहतीची असणार. पुढे 1938 साली इफेत घराचा पाया खणताना धातूची मस्तकं निघाली, एकापाठोपाठ एक. 'इथल्या लोकांना झेपणार नाही' असं मानणारा तो पहिला नव्हता. शुक्रवारपासून त्या रांगेत मीही होतो. काचेसमोर उभं राहून हे कळणं फार जड गेलं.

तेवढ्यात बेनिन सिटीचा मुलगा शेजारी आला. त्याचे काका इगुन स्ट्रीटवर ओतारी आहेत. ओबाच्या, म्हणजे बेनिनच्या राजाच्या, दरबारासाठी धातू ओतणाऱ्यांची ही पिढीजात आळी. तो म्हणाला, "ओगा," म्हणजे साहेब, "हा साचा थंड नसणार."

"म्हणजे?"

"आमच्याकडे मातीने लिंपलेल्या नमुन्याचं मेण वितळवून काढलं की मातीचा साचा विस्तवातच ठेवतात, लाल होईपर्यंत. मग जमिनीत पुरून लगेच रस ओततात. थंड साच्यात कुणी ओतलं तर काका मूस हातातून काढून घेतील."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?"

"सुपरवायझरला बोललो होतो. तो म्हणाला, हे कारखान्याचं काम आहे, गावचं नाही."

परत आल्यावर हीटचं रजिस्टर उघडलं. चारही वेळा साचे आदल्या संध्याकाळी बंद केलेले, ओतकाम दुसऱ्या दुपारी, मधली रात्र पावसाची. आमची वाळू सोडियम सिलिकेटची, सीओटू गॅसने कडक केलेली. दमट हवेत ती रातोरात ओलावा ओढते. शिरोलीत पावसाळ्यात मी कोअर, म्हणजे साच्याच्या आत बसवायचा वाळूचा गाभा, ओव्हनमधून काढल्याशिवाय साच्याचा बॉक्स बंद करू देत नसे. इथे आल्यावर पोरांचे हात तेवढे तपासले, वाळू तपासली नाही. आणि हे मला माहीत होतं, हीच गोष्ट अजून डोक्यातून जात नाही.

सोमवारी कोअर भाजले, साचे बर्नरने तापवले, हात लावला तर चटका बसेल इतके, आणि तसेच ओतले. सहापैकी चार पीस आतून स्वच्छ निघाले. त्या मुलाने करवतीचा पहिला काप पुसून माझ्यापुढे धरला. सलग गुलाबी तांबं, एकही ठिपका नाही. मी कितीतरी वेळ त्यावरून अंगठा फिरवत होतो.

दुसरा मेल टाकला, पहिला चुकीचा होता असं स्पष्ट लिहून. उत्तर आलं, की भारतातली ऑर्डर गेलेली आहे, माल आपापा बंदरात उतरू दे, मग बघू.

इगुन स्ट्रीटच्या काकांना एक दिवस शॉपवर बोलवायचंय. सिक्युरिटीवाले म्हणतात, नातेवाइकांना आत सोडत नाही. आज मी स्वतः गेटपासचा फॉर्म भरला. 'नातेवाईक' खोडलं आणि भेटीच्या कारणात लिहिलं: तांबे ओतकाम, सल्लागार.